पूर्ण नाव काय तुझं?

गोष्ट एवढीशीच आहे. रविवारी संध्याकाळी भाजी घेऊन विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या बागेतून घरी येत होते. एका हातात पिशवी, तिच्यातून डोकं बाहेर काढलेल्या मेथीच्या दोन जुड्या, दुसऱ्या हातात नारळ, आणि बागेतली ती फरशीची वाट म्हणजे माझी रोजची. तर त्या वाटेवरच सात-आठ पोरं गोल करून उभी. एकजण ओंजळ तोंडावर धरून बुम्-चक् बुम्-चक् आवाज काढतोय, आणि मध्ये एक काटकुळा पोरगा पुढेमागे झुलत सुसाट काहीतरी बोलत सुटलाय, मराठी हिंदी सगळं एकात एक. मी आपली सरळ चालत गोलात शिरले, म्हणजे शिरले असं मला वाटलंच नाही, मी माझ्या वाटेनं चालले होते. त्यानं यमक अर्धवट सोडलं आणि म्हणाला, "काकू, सायफर चालूय, साईडनी जा ना." उर्मटपणा नव्हता हो आवाजात, आता आठवून बघते तर अजिबात नव्हता. पण गुडघा ठणकत होता, नारळवाल्यानं सुट्टे दिले नव्हते, काय काय होतं डोक्यात, आणि मी फाडकन बोलून गेले, "बाग काय तुझ्या बापाची आहे का?"

सगळे गप्प. तो बुम्-चक्वाला पण गप्प. मग माझं मलाच कसंतरी झालं, आणि सावरून घ्यायला म्हणून मी जरा गोड आवाजात विचारलं, नाव काय रे बाळा तुझं? त्यानं सांगितलं, पुढे एमसी, रॅपवाले लावतात ते, आणि मागे एक शब्द. मी म्हणलं, तसं नाही रे, पूर्ण नाव काय तुझं? तो माझ्याकडे बघत राहिला दोन सेकंद. "एवढंच आहे काकू. हे पूर्णच आहे."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन मेथी निवडायला बसले आणि ते दोन सेकंद काही डोक्यातून जाईनात. बापाबद्दल बोलले त्याचं वाईट वाटत होतंच, पण जास्त टोचत होतं ते दुसरं. पूर्ण नाव मी कशाला विचारलं? म्हणजे मला काय करायचं होतं त्याच्या आडनावाचं, सोसायटीच्या रजिस्टरात लिहायचं होतं? आपल्याकडे हा प्रश्न कसा विचारतात ते वेगळं सांगायला नको. आधी नाव. मग "पूर्ण नाव?" तेवढ्यानं भागलं नाही तर "मूळ गाव कुठलं तुमचं?" आणि गावावरूनही पत्ता लागला नाही तर मग कुठल्या देवीला जाता, लग्नं कुठे होतात तुमच्यातली, असं फिरून फिरून. घर बघायला येणाऱ्या भाडेकरूला विचारतात, ट्रेनमधे चौथ्या सीटवर बसलेल्या बाईला विचारतात, मुलाच्या मित्राला तर हातात लाडू देता देता विचारतात. मला आपलं वाटायचं की मी त्यातली नाही. आणि बघा ना, घाबरल्यावर, ओशाळल्यावर, तोंडातून पहिली गोष्ट तीच बाहेर पडली.

भाच्याला फोन केला. तो बावीसचा, कानात कायम ते पांढरे बोंडूक. म्हणलं हे सायफर काय असतं रे? तर तो खूश, मावशीनं पहिल्यांदा कामाचं काहीतरी विचारलं म्हणून. म्हणाला रॅपवाल्यांचं असतं ते, गोल करून उभं राहायचं, एकेकानं बारी घ्यायची, जे सुचेल ते तालात बोलायचं, कोणी कोणाला मधेच तोडायचं नाही, आणि बाहेरच्यानं गोल तोडायचा नाही. नावाचं म्हणशील तर सगळेच नाव बदलतात. त्यानं पाच-सहा गाणी पाठवून दिली. सगळी मुंबईच्या रॅपरांची. डिव्हाइन म्हणजे विवियन फर्नांडिस, अंधेरीच्या जे. बी. नगरचा, ख्रिस्ती घरातला, नावातच देव घेऊन बसलेला. नेझी म्हणजे नावेद शेख, कुर्ल्याचा, २०१४ साली आयपॅडवर व्हिडिओ काढून टाकला आणि तिथून सगळं सुरू झालं. आणि गंमत म्हणजे आडनाव सोडलंय पण त्याच्या जागी पिनकोड आलाय, हा बॉम्बे ५९, तो बॉम्बे ७०. मला हे फार आवडलं, पोस्टमननं दिलेलं आडनाव. मग लक्षात आलं की ७० म्हटल्यावर मुंबईतल्या माणसाला जे कळायचं ते कळतंच की. ४३ म्हणलं की गोवंडी, आणि गोवंडी म्हणलं की समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बघितलंय मी. त्या दिवशी त्या पोरानं "बॉम्बे ८३" सांगितलं असतं तर मीही तिथलीच, आम्ही दोघं एकाच आडनावाचे झालो असतो. त्यानं नाही सांगितलं.

गाणी ऐकताना मला एकदम जर्सी सिटीचं लाँड्रोमॅट आठवलं. वीस वर्षं झाली त्याला. यांचं प्रोजेक्ट होतं, मी तिथे दीड वर्ष डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे काम करायची परवानगी नाही, गाडी येत नाही, आणि आठवड्याची सगळ्यात मोठी सहल म्हणजे मंगळवारी कपडे धुवायला जाणं. तो वास अजून नाकात आहे, गरम सुताचा, निळ्या साबणाचा आणि कुणाच्यातरी खिशात राहून वितळलेल्या च्युइंगमचा. तिथे एक काळे गृहस्थ यायचे, साठीचे असतील, डोक्यावर गोल विणलेली टोपी, कपड्यांच्या घड्या अशा घालायचे की इस्त्रीवाल्यानं शिकावं. आले की सगळ्यांना "पीस" म्हणायचे, नुसतं पीस, हॅलो नाही की हाय नाही. आणि कधीकधी त्यांच्यासारखाच दुसरा कोणी आला की एकमेकांना विचारायचे, आजचं मॅथेमॅटिक्स काय? मला वाटायचं लॉटरीचा आकडा लावतात. आपल्याकडे मटक्याचं असतं ना, ओपन काय आलं, तसंच काहीतरी.

एकदा धीर करून विचारलं. त्यांनी हातातला टॉवेल खाली ठेवला आणि सांगायला लागले, इतकं सावकाश की माझा ड्रायर थांबला तरी मी उठले नाही. एक म्हणजे नॉलेज, दोन म्हणजे विज्डम, तीन अंडरस्टँडिंग, चार कल्चर किंवा फ्रीडम, पाच पॉवर, असं शून्यापर्यंत. तारीख असेल तो आजचा धडा. त्या दिवशी १४ तारीख होती, म्हणजे नॉलेज आणि कल्चर, आणि एक आणि चार मिळून पाच, पॉवर. त्यावर दिवसभर विचार करायचा, भेटेल त्याच्याशी बोलायचं. (१४ म्हणल्यावर माझ्या डोक्यात अर्थातच एप्रिल आणि ऑक्टोबर आले. त्यांना कुठून सांगत बसू.) मग त्यांनी मला अल्ला या शब्दाची फोड करून दाखवली, एक हात पुढे, आर्म, मग एक पाय, लेग, दुसरा पाय, लेग, दुसरा हात, आर्म, आणि शेवटी स्वतःच्या टोपीवर टिचकी मारून, हेड. पाच अक्षरं, एक माणूस. देव वर कुठे नाही, इथे कपडे धुतोय. मी हसले. ते नाही हसले.

आणि मग त्यांनी माझं नाव विचारलं. मी आपली सवयीनं बँकेत सांगावं तसं सांगितलं, माझं, नवऱ्याचं, आडनाव. ते म्हणाले, ही तीन झाली, यातलं तुझं कुठलं?

नुसतं पहिलं नाव सांगून माझी ओळख पटते असं तोवर माझ्या डोक्यातच कधी आलेलं नव्हतं.

ते फाईव्ह पर्सेंटवाले, म्हणजे न्यूयॉर्कच्या काळ्या लोकांतल्या एका पंथाचे होते हे मला कितीतरी नंतर कळलं, आणि रॅपशी त्यांचा संबंध तर आत्ता, भाच्याच्या गाण्यांवरून शोधत गेले तेव्हा. त्यांचा मूळपुरुष क्लॅरेन्स एडवर्ड स्मिथ, व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलमधे १९२८ साली जन्मलेला, कोरियाच्या लढाईत जाऊन आलेला, मग न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या सात नंबरच्या मशिदीत नेशन ऑफ इस्लाममधे, म्हणजे काळ्या मुसलमानांच्या संघटनेत, दाखल झाला. माल्कम एक्स ज्या मशिदीचा मिनिस्टर होता तीच. तिथे गेल्यावर आडनाव टाकून द्यायचं, कारण ते आडनाव म्हणजे पणजोबाला विकत घेणाऱ्या मालकाचं, आणि खरं आडनाव कुठलं ते जहाजातच बुडालं, म्हणून एक्स. माल्कमच्या एक्सबद्दल आपण शाळा-कॉलेजात वाचलेलं असतं. पण एका मशिदीत दोन क्लॅरेन्स आले तर? तर दुसरा क्लॅरेन्स टूएक्स. हा तेरावा क्लॅरेन्स, म्हणून क्लॅरेन्स थर्टीनएक्स. मला हे वाचून आधी हसू आलं, वर्गात तीन संगीता असल्या की बाई संगीता अ, संगीता ब करायच्या तसं, आणि मग हसू कुठेतरी अडकलं. एका शहरातली तेरा माणसं, नाव तेच, मागचं आडनाव कुणाचंच स्वतःचं नाही.

तर हा माणूस पुढे मशिदीतून बाहेर पडला, १९६४ च्या सुमाराला, आणि हार्लेमच्या रस्त्यावरच्या पोरांना, म्हणजे चौदा-पंधराची, शाळेतून काढलेली, पोलिसांनी रोज हटकलेली अशी पोरं, त्यांना शिकवायला लागला की देव शोधायला कुठे जाऊ नका, काळा माणूस हाच देव. शंभरातले पंच्याऐंशी आंधळे, दहा जणांना खरं माहितीये पण ते लपवून बाकीच्यांच्या जिवावर जगतात, आणि पाच टक्के ते जे सांगत फिरतात. पोरांनी शहराला नवी नावं दिली, हार्लेम म्हणजे मक्का, ब्रुकलिन म्हणजे मदिना, आणि आमचं जर्सी म्हणजे न्यू जेरुसलेम. (आपण पैठणला दक्षिण काशी म्हणतो तेव्हा कोणाला काही वावगं वाटतं का? तसंच ते.) सरकारनं त्याला मधे वेड्यांच्या इस्पितळात पण ठेवलं होतं, आणि तिथे त्याला जो चेला मिळाला तो चक्क गोरा मुलगा. जून १९६९ मधे त्याला गोळ्या घालून मारलं, कोणी मारलं ते आजतागायत कळलेलं नाही. त्याची पोरं विखुरली नाहीत. सेव्हन्थ अव्हेन्यूवरची त्यांची शाळा अजून आहे.

हे सगळं हिपहॉपच्या, म्हणजे रॅप ज्यातून आलं त्याच्या, आधीचं हं. हिपहॉपचा वाढदिवस ११ ऑगस्ट १९७३ धरतात, न्यूयॉर्कमधल्याच ब्राँक्सच्या १५२० सेजविक अव्हेन्यूला, बिल्डिंगच्या हॉलमधे, बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे म्हणून भावानं, म्हणजे डीजे कूल हर्कनं, रेकॉर्डी लावून पार्टी केली. पण त्या हॉलच्या, त्या मैदानांच्या आसपास जी पोरं वाढत होती त्यांच्या तोंडात ही फाईव्ह पर्सेंटवाल्यांची भाषा आधीच होती. "वर्ड इज बाँड", मित्राला "जी" म्हणणं, "पीस" म्हणून निरोप घेणं. जी म्हणजे गँगस्टर असं मला वाटायचं, त्यांच्यात तो गॉड आहे. पुढे रकीम हा रॅपर आला, १९८६-८७ च्या सुमाराला, लाँग आयलंडचा विल्यम ग्रिफिन, नाव बदलून रकीम अल्ला, आणि यमकाची सगळी गणितंच त्यानं बदलून टाकली. मग ब्रँड नूबियन, वू-टँग क्लॅन असे रॅपचे ग्रुप. आणि ही भाषा कॅसेटींमधून, सीडीतून, मग यूट्यूबवरून कुठे कुठे गेली, ज्यांना त्या तेराव्या क्लॅरेन्सचं नावसुद्धा माहिती नाही त्यांच्या तोंडात जाऊन बसली.

आणि त्यांच्या आकड्यांत शेवटचा आकडा शून्य. त्याचं नाव सायफर.

सायफर म्हणजे पूर्ण वर्तुळ, ३६० अंश, माणूस असो, घर असो, की गोल करून उभी राहिलेली मंडळी. तिथूनच रॅपवाल्यांच्या गोलाला सायफर नाव पडलं असं मानतात. आता मजा बघा. सायफर हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, तिथे लॅटिनमधून, लॅटिनमधे अरबीच्या सिफरमधून, आणि अरबांनी सिफर केला तो आपल्या शून्याचा. शून्य म्हणजे रिकामं, सिफर म्हणजे रिकामं. म्हणजे इथून निघालेला शब्द बगदाद, युरोप, मग गुलामांच्या पणतवंडांच्या तोंडून हार्लेम, ब्राँक्स असं फिरून विक्रोळीच्या बागेत आला, आणि एका पोरानं मला सांगितलं की काकू, यातून चालू नका. हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मला कोणालातरी उठवून सांगावंसं वाटत होतं. यांना सांगितलं. हे म्हणाले, बरं.

पण मग झोप लागेना, कारण गोल म्हणलं की मला माझ्या बाबांचा गोल आठवतो. बाबा संगमेश्वरकडचे, कामाला भांडुपच्या कंपनीत, आणि गौरी-गणपतीत चाळीत जाखडी. तुमच्यात बाल्या नाच म्हणत असतील. मध्ये शाहीर आणि ढोलकी आणि झांजवाले बसलेले, भोवती नाचे गोल फिरतायत, एका पायात चाळ, पाय आपटला की छण्ण, सगळ्यांचे एकदम, खालच्या मजल्यावरच्या ट्यूबलाईटी थरथरायच्या. आणि शक्तीवाले विरुद्ध तुरेवाले, माया श्रेष्ठ की ब्रह्म श्रेष्ठ, यावर रात्रभर सवाल-जवाब. गण झाला, गवळण झाली, की मग खरा मामला, समोरच्या शाहिरानं पुराणातला कूट सवाल टाकायचा आणि यानं तिथल्या तिथे कवन जोडून उत्तर द्यायचं, नाही जमलं तर समोरचा चालीत अशी उडवायचा की माणूस आठ दिवस चाळीतून खाली बघून चालायचा. भाचा मला बॅटल बॅटल म्हणून काय सांगत होता, मी म्हणलं, बाळा, हे मी चड्डीत असल्यापासून बघत आलेय. कवनाच्या शेवटी शाहीर स्वतःचं नाव घालायचा, गुरूचं घालायचा, गावाचं घालायचा. रॅपवाला क्रूचं नाव घेतो, एरियाचं घेतो, तेच.

हे सगळं सांगायला फार गोड वाटतं. मी इथेच थांबले असते तर छान झालं असतं.

एका वर्षी, मी दहा-अकराची असेन, बाबांच्या मंडळाला ढोलकीवाला मिळेना. कोणीतरी एका पोराला घेऊन आलं, वीस-बावीसचा, रेल्वेच्या पलीकडे राहायचा. त्यानं ढोलकीला शाई बोटानं चाचपली, दोनदा थाप मारली आणि अख्खी चाळ गॅलरीत. बाबा तर वेडे झाले होते, म्हणाले आजपासून तू आपला. आणि मग, अगदी प्रेमानं हं, खांद्यावर हात ठेवून, विचारलं, पूर्ण नाव काय तुझं? त्यानं सांगितलं. बाबांचा हात खांद्यावरच राहिला, म्हणजे काढला नाही त्यांनी, ते मी त्यांच्या बाजूनं नेहमी मोजते. तालीम झाली. चहा न्यायचं काम माझ्याकडे होतं. आईनं ट्रे भरला, सगळे स्टीलचे पेले आणि एक कपबशी, कान तुटलेली, जी एरवी मोरीच्या फळीवर असायची. आई काही बोलली नाही. तिनं नुसतं त्या कपाकडे बघितलं आणि मग दाराबाहेर बघितलं, आणि मला बरोब्बर कळलं कोणाला द्यायचा. दहा वर्षांच्या मुलीला कोणी कधी काही शिकवलेलं नसताना बरोब्बर कळलं.

त्यानं तो घेतला. फुंकर मारून प्यायला. दुसऱ्या दिवसापासून तालमीला येताना डबा घेऊन यायचा, त्यात स्वतःचा पेला. गणपतीत असा वाजवला की शक्तीवाल्यांनी हात टेकले. पुढच्या वर्षी आला नाही. बाबा पुढे कितीतरी वर्षं म्हणायचे, त्याच्यासारखा हात परत मिळाला नाही, आणि खरंच हळहळून म्हणायचे, आणि कपाचं कधी कोणी बोललं नाही.

६ डिसेंबरला मी एकदा, ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर, शिवाजी पार्कला गेले होते. पुस्तकांच्या स्टॉलांच्या मधे गाण्यांचे स्टॉल, प्रत्येकाचा स्पीकर वेगळा, कव्वालीच्या चालीतली भीमगीतं, वामनदादा कर्डकांची जुनी गाणी नव्या आवाजात, आणि एका कोपऱ्यात टी-शर्टवाली पोरं गोल करून रॅप करत होती, सुरुवात जय भीम आणि शेवट जय भीम. माझं लक्ष गर्दीतल्या प्रत्येक ढोलकीवाल्याच्या हाताकडे जात होतं. आता तो साठीचा असेल. मला चेहरा आठवत नाही, आडनाव आठवतं. नाव नाही आठवत. हे लिहितानाच लक्षात आलं माझ्या, की पहिलं नाव आठवतच नाहीये.

तर नावांचं असं आहे. संतांनी पण सही केलीच की शेवटच्या ओळीत, तुका म्हणे, चोखा म्हणे, पण जनाबाई सही करते ती नामयाची दासी जनी म्हणून, आणि सोयराबाईची सही तर चोखियाची महारी. सातशे वर्षांपूर्वीची बाई, गाते ती देवाला उभं-आडवं घेईल असं, आणि सही करायची वेळ आली की आधी मालकाचं किंवा नवऱ्याचं नाव. आणि सोयराबाईच्या सहीत तर जात पण. ती तिनं लाजून घातली की ठणकावून, ते मला प्रत्येक वेळी वेगळं ऐकू येतं. शिवी म्हणून मिळालेलं नाव माणूस स्वतःच उचलून डोक्यावर ठेवतो, तसं काहीसं. काळ्या पोरांनी पण तेच केलं, आणि आपल्याकडची जय भीमवाली पोरंही तेच करतायत, कोणी आडनाव टाकून देतो, कोणी तेच आडनाव स्पीकरवर लावतो. काटकुळ्यानं टाकलं होतं. की नुसतं मला सांगितलं नव्हतं, कोण जाणे.

आणि लाँड्रोमॅटमधल्या त्या गृहस्थांचं मला सगळंच पटलं असं नाही बरं का. पुरुष देव आणि बाई? बाई म्हणजे अर्थ, पृथ्वी. सूर्याभोवती फिरणारी. पृथ्वीचा तीन-चतुर्थांश भाग पाण्यानं झाकलेला, म्हणून बाईनंही अंग तेवढं झाकायचं. हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं होतं, जणू मला बक्षीस देतायत. मी म्हणलं आमच्याकडे पदर असतो. ते म्हणाले, व्हेरी गुड. घरी चालत येताना मला राग आला, उशिरा येतो ना तसा. जगानं ज्यांना माणूस मानलं नाही त्यांना देव करून टाकलंत, फार मोठी गोष्ट केलीत, पण गोलाच्या मध्ये परत तुम्हीच, आणि आम्ही भोवती फिरायचं, आणि चहा आणायचा. बाबांच्या जाखडीत पण बाया नव्हत्याच. डहाणूकडचे वारली तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचतात तेव्हा बाया-पुरुष एका साखळीत असतात, कमरेला हात गुंफून, आणि तारप्याकडे पाठ करायची नाही एवढाच नियम. आरेच्या जंगलासाठी २०१९ मधे स्वदेशी नावाच्या ग्रुपमधल्या रॅपर पोरांनी तिथले आदिवासी प्रकाश भोईर यांच्याबरोबर गाणं केलं ते भाच्यानं मला पाठवलं होतं, ते ऐकताना हे आठवलं.

पुढच्या दोन्ही रविवारी मी बागेतून गेले, मुद्दाम. पहिल्या रविवारी ती पोरं नव्हतीच. दुसऱ्या रविवारी होती. मी लांबूनच साईडनी गेले, बाकावर बसले. बाकावर एक मुलगी आधीच बसलेली, सतरा-अठराची, क्लासची बॅग मांडीवर, फोनवर सगळ्यांचं शूटिंग करत. ती मागच्या वेळी पण होती हे मला तेव्हा आठवलं. काटकुळ्यानं मला बघितलं. बारी संपली तसा मी हात केला आणि तो आला, जरा जपूनच. मी म्हणलं त्या दिवशी बापाचं बोलले ते चुकलं माझं. तो म्हणाला, अरे काकू, चिल. मग मी त्याला सायफर म्हणजे शून्य, सिफर, ते सगळं सांगायला घेतलं, घरून वाक्यं जुळवून आले होते अक्षरशः. त्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली, "भारी आहे काकू, एकदम खतरनाक," आणि नजर सगळी गोलाकडे. तो गेला पण.

मुलगी मात्र ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे आपलाच शब्द ना तो?" मी म्हणलं, आपला म्हणजे कोणाचा ते बघावं लागेल. ती हसली. मी तिला नाव विचारलं नाही, जीभ चावून बसले अगदी. थोड्या वेळानं गोलातून कोणीतरी तिला हाक मारली, ए, तुझी बारी. तिनं फोन माझ्या हातात दिला, "काकू, जरा धरा ना, नुसतं धरून ठेवा," आणि उठून गेली. गोल सरकला, तिला जागा झाली, बुम्-चक् सुरू झालं आणि तिनं डोळे मिटून पहिल्या ओळीतच नाव घेतलं, स्वतःचं, मग आईचं, मग आजीचं, तालात, एकामागून एक, आडनाव घेतलं की नाही मला कळलं नाही कारण मी त्या फोनशी झटापट करत होते.

नंतर तिनं व्हिडिओ लावून बघितला. अडीच मिनिटं माझ्या चपला, नारळ आणि फरशी. "असू दे हो," ती म्हणाली, "आवाज तर आलाय." आणि कानाला लावून ऐकायला लागली. मलाही ऐकू येत होतं. ती सुरू होते, आणि बरोब्बर त्या पहिल्या ओळीवर, जोरात, मीच, "अगं, हे चालू झालं का बघ गं."